उत्तर बरोबर, नोंद खोटी

कोणत्याही महाविद्यालयातल्या पन्नास प्रयोगवह्या घ्याव्यात आणि त्यांतले साध्या लंबकाचे पान उघडावे. गुरुत्वीय त्वरणाची किंमत बहुतेक वह्यांत ९७८ ते ९८२ च्या दरम्यान आढळेल, आणि बऱ्याच वह्यांत ती नेमकी ९८० असेल. (एकक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. पुढे ते प्रत्येक वेळी लिहीत नाही.) निरीक्षणांचा तक्ता स्वच्छ असतो. एकही खाडाखोड नसते. लांबीला आवर्तकालाच्या वर्गाने भागून येणारे गुणोत्तर प्रत्येक ओळीत २४.८ असते. खाली शिक्षकांची सही आणि दहापैकी नऊ गुण.

हे पाहून खरे तर समाधान वाटायला हवे. पण ज्याने हातात स्टॉपवॉच धरून स्वतः दोलने मोजली आहेत, त्याला शंका येते. या साधनांनी इतके चांगले उत्तर इतक्या सगळ्यांना येऊच शकत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा परीक्षेतल्या कॉपीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. परीक्षांमधील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ साली कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, आणि ते ६० टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. कॉपी करणे किंवा दुसऱ्याचा मजकूर चोरणे हा अपराध आहे, हे विद्यार्थ्यांनाही मान्य असते. प्रयोगवहीतले आकडे ‘जुळवून घेणे’ मात्र कोणालाच अपराध वाटत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याची खोट्या नोंदीशी पहिली ओळख इथे होते, आणि तीही शिक्षकांच्या सहीनिशी. म्हणून या लेखात परीक्षागृह बाजूला ठेवून आपण प्रयोगशाळेत जाऊ.

प्रामाणिक उत्तर कसे दिसते?

आधी थोडे गणित करू. लंबकाची लांबी १०० सेंमी घेतली, तर वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच चालू आणि बंद करताना हाताकडून एकूण ०.२ सेकंदांची चूक सहज होते. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ही चूक दुप्पट होते, म्हणजे एक टक्का. ९८० चा एक टक्का जवळजवळ १० होतो.

समजा, एका विद्यार्थिनीने पाच वेळा वीस दोलने मोजली आणि तिला ४०.१, ४०.४, ३९.९, ४०.३ व ४०.२ सेकंद असे वेळ मिळाले. हे उत्तम काम आहे. तरीही प्रत्येक वाचनावरून वेगळे उत्तर काढले, तर ते अनुक्रमे ९८२, ९६८, ९९२, ९७२ आणि ९७७ येते. पाचांची सरासरी घेतली की ९७८ येते. प्रामाणिक प्रयोगात आकडे असे पसरलेले असतात. हा पसारा म्हणजे हातून घडलेला गुन्हा नव्हे. आपल्या साधनांनी किती खात्रीने बोलता येते, ते त्यावरूनच कळते. जिथे प्रत्येक ओळीत २४.८ आहे, तिथे ही माहिती पुसली गेलेली असते.

यातली गंमत पुढेच आहे. विद्यार्थी ज्या ९८० किंवा ९८१ कडे आकडे ढकलतात, ती महाराष्ट्रातली किंमत नाहीच. पुस्तकात दिलेली ९८०.६६५ ही ‘प्रमाण’ किंमत १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवली. ती साधारण ४५ अंश अक्षांशावरच्या, समुद्रसपाटीवरच्या ठिकाणाला लागू पडते. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्या अक्षांशावर गुरुत्वीय त्वरण थोडे कमी भरते. मुंबईला ते सुमारे ९७८.६ आहे. पुण्याची उंची लक्षात घेतली, तर तिथे ते आणखी किंचित कमी होते. म्हणजे आपले विद्यार्थी इथले मोजमाप बदलून युरोपातल्या अक्षांशाचे उत्तर लिहितात आणि त्यासाठी पूर्ण गुण मिळवतात. एक टक्क्याची चूक असलेल्या लंबकाने ९७८.६ आणि ९८०.७ यांतला फरक ओळखता येत नाही, हे खरे. पण म्हणूनच ‘९७२, अधिक किंवा वजा १०’ हे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे. ‘९८०.०’ हे उत्तर मात्र त्या साधनाला न जमणारी अचूकता सांगते.

बॅबेज यांची यादी

आकड्यांशी केली जाणारी लबाडी सगळी एकाच जातीची नसते. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांचे नाव आपण संगणकाच्या इतिहासात वाचतो. १८३० साली त्यांनी इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या ऱ्हासावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात निरीक्षणांच्या फसवणुकीचे प्रकार सांगितले. पहिला प्रकार म्हणजे लोकांची फजिती करण्यासाठी मुद्दाम उठवलेली हूल. ती आपण सोडून देऊ. उरलेले तीन प्रकार प्रयोगशाळेत रोज भेटतात.

काटछाट: सरासरीपेक्षा फार मोठ्या वाचनांतून थोडे कापायचे आणि फार लहान वाचनांना ते जोडायचे. सरासरी बदलत नाही, पण निरीक्षक फार काटेकोर असल्याचा भास होतो. वरच्या उदाहरणात ४०.४ चे ४०.२ आणि ३९.९ चे ४०.१ केले, की तक्ता देखणा होतो.

शिजवणे: पुष्कळ वाचने घ्यायची आणि त्यांतली सोयीची तेवढी वाढायची. शंभर निरीक्षणे हाताशी असताना ताटात वाढण्याजोगी पंधरा-वीस सापडली नाहीत, तर तो आचारी फारच कमनशिबी म्हणायचा, अशा अर्थाची थट्टा बॅबेज यांनी केली आहे.

बनावट: जी निरीक्षणे कधी घेतलीच नाहीत, ती लिहायची. आपल्याकडे ‘उलटा हिशेब’ म्हणतात तो हाच. उत्तर ९८० धरायचे, सूत्रातून आवर्तकाल काढायचा, त्याला वीसने गुणायचे आणि दुसऱ्या दशांशस्थळी थोडी मोडतोड करून तक्ता भरायचा.

विद्यार्थी एका दिवसात तिसऱ्या पायरीवर जात नाही. आधी एक वाचन ‘बहुतेक चुकले असावे’ म्हणून गाळले जाते, आणि कधी कधी ते खरोखरच चुकलेले असते. मग एक आकडा किंचित सरकवला जातो. त्यानंतर कधीतरी वीज जाते, तास संपतो, चार वाचने राहून जातात आणि ती ‘अंदाजाने’ भरली जातात. प्रत्येक वेळी निर्णय छोटा असतो आणि आधीच्या निर्णयाला लागूनच असतो. नीतीचा मोठा प्रश्न समोर उभा आहे असे त्या मुलाला कधी वाटतच नाही. शिक्षकाला अडवायला जागा असते ती या छोट्या निर्णयांपाशी.

निवड कुठे थांबते?

‘वाचन गाळूच नका’ असा नियम करून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक अनुभवी शास्त्रज्ञ काही वाचने गाळतो. योग्य कारणाने गाळणे आणि सोयीसाठी गाळणे यांत फरक कसा करायचा? याचे चांगले उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या निबंधात त्यांनी ५८ थेंबांची माहिती दिली. हे थेंब निवडलेले नसून लागोपाठच्या ६० दिवसांत ज्यांच्यावर प्रयोग केला ते सर्व थेंब आहेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. १९२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे विज्ञानाचे इतिहासकार जेरल्ड हॉल्टन यांनी मिलिकन यांच्या प्रयोगवह्या तपासल्या आणि १९७८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वह्यांत शंभराहून अधिक थेंबांच्या नोंदी होत्या. काही नोंदींशेजारी ‘हे छापायचेच’ तर काहींशेजारी ‘फारच कमी, कुठेतरी चुकले’ अशा अर्थाचे शेरे होते.

मग मिलिकन यांना लबाड म्हणायचे का? नंतरच्या अभ्यासकांनी गाळलेले थेंब धरून हिशेब पुन्हा केला. विद्युतभाराची किंमत फारशी बदलत नाही, चुकीची मर्यादा मात्र थोडी वाढते, असे त्यांना आढळले. अनेक थेंब गाळण्यामागे सबळ कारणेही होती. कुठे थेंब फार लहान होता, तर कुठे उपकरण अजून स्थिरावले नव्हते. म्हणजे निष्कर्ष खोटा नव्हता. ‘हे सर्व थेंब आहेत’ हे वाक्य मात्र खरे नव्हते. ‘अमुक कारणांसाठी इतके थेंब गाळले’ एवढे लिहिले असते, तर वाद उद्भवलाच नसता.

आणखी एक गोष्ट. मिलिकन यांची किंमत आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी होती. ती चूक थेंबांच्या निवडीतून आली नव्हती. त्यांनी हवेच्या श्यानतेचा, म्हणजे चिकटपणाचा, जो आकडा वापरला तोच किंचित कमी होता. एकमेकांशी छान जुळणारी वाचने सगळी मिळून चुकीची असू शकतात, हे यावरून विद्यार्थ्यांना दाखवता येते. आकडे जुळले म्हणजे प्रयोग बरोबर झाला, असा समज त्यांच्या मनात पक्का असतो. त्याला इथे धक्का देता येतो.

मिलिकन यांच्या नोंदी साठ-पासष्ट वर्षांनी तपासता आल्या, कारण त्यांनी त्या लिहिल्या होत्या आणि जपल्याही होत्या. गाळलेला थेंबही वहीत होता. प्रामाणिकपणाची किमान अट इथे सापडते: जे घडले ते सगळे लिहायचे, आणि काय वापरायचे ते नंतर, कारण सांगून ठरवायचे.

खोटे आकडे बोलतात

ही अट मोडली की काय होते, याची दोन अलीकडची उदाहरणे पाहू.

यान हेन्ड्रिक शोन हा तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करीत होता. २००० च्या सुमारास त्याचे निबंध मोठ्या नियतकालिकांत एकामागून एक छापून येत होते. त्याचे प्रयोग इतरांना मात्र साधत नव्हते. मग कोणाच्या तरी लक्षात आले की वेगवेगळ्या पदार्थांवरच्या, वेगळ्या तापमानांच्या दोन प्रयोगांच्या आलेखांतले ‘कंपन’ तंतोतंत सारखे आहे. मोजमापातली ही बारीक अनियमित थरथर योगायोगाने घडते, त्यामुळे ती दोनदा तशीच येऊ शकत नाही. चौकशी समितीने २००२ साली अहवाल दिला. २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन झाल्याचे तिला आढळले. समितीने मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा नीट ठेवलेली प्रयोगवही नव्हती आणि संगणकातल्या मूळ फायली पुसलेल्या होत्या. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाने २००४ साली त्याची डॉक्टरेट काढून घेतली.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक लागून आहे. २०१२ साली अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध झाला. अर्ज भरून झाल्यावर खाली सही करण्याऐवजी भरण्याआधीच वर सही करून घेतली, तर लोक अधिक खरी माहिती देतात, असा त्याचा दावा होता. पुराव्यांपैकी एक होता मोटारींच्या विम्याचा. १३ हजारांहून अधिक विमेदारांनी कळवलेले, गाडी किती मैल चालली याचे आकडे त्यात होते. २०२० साली मूळ संशोधकांनीच नवे प्रयोग करून पाहिले, तेव्हा परिणाम दिसला नाही, आणि जुनी आकडेवारी सर्वांसाठी खुली झाली. २०२१ साली तीन संशोधकांनी ती तपासली. वर्षभरात गाडी चाललेले अंतर शून्यापासून ५० हजार मैलांपर्यंत सर्वत्र सारख्याच प्रमाणात विखुरलेले होते, आणि ५० हजारांवर ते एकदम थांबत होते. खऱ्या गाड्यांचे असे नसते. बहुतेक गाड्या मध्यम चालतात, थोड्या फार कमी आणि थोड्या फार जास्त. शिवाय माणूस मीटर वाचून आकडा लिहितो तेव्हा पुष्कळदा शेवटी शून्ये येतात. नव्या वाचनांत अशी शून्ये दिसतच नव्हती. निम्मे आकडे एका टंकात होते आणि निम्मे दुसऱ्या. आकडे बनावट असल्याचे उघड झाले आणि निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरचे संशोधनच खोट्या आकड्यांवर उभे होते.

दोन्ही ठिकाणी फसवणूक उघडकीला आली ती एकाच ठिकाणी. लबाडी करणाऱ्याने सरासरी सांभाळली होती, पण खऱ्या मोजमापातला पसारा त्याला बनवता आला नाही. प्रयोगवहीतले २४.८, २४.८, २४.८ त्याच जातीचे आहे.

शपथ, शिक्षा आणि शेजारचा मित्र

मुले असे का करतात? काही मुले मुळातच खोटी आणि काही मुळातच खरी, असे उत्तर आपण चटकन देतो. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या सुमारे ११ हजार शाळकरी मुलांची चाचणी घेऊन १९२८ साली निष्कर्ष मांडले. लेखी परीक्षेत, खेळात, घरी करायच्या कामात मुलांना फसवायची संधी मिळेल अशी रचना त्यांनी केली होती. जे मूल एका ठिकाणी फसवत होते तेच दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक राहत होते. मुलाच्या स्वभावाइतकाच, किंबहुना अधिक, प्रभाव परिस्थितीचा पडत होता.

मग शपथ घ्यायला लावावी का? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून अशी प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा मोडणाऱ्याला दीर्घकाळ एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. तरीही २००१ साली तिथल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडे एका विद्यार्थिनीने तक्रार केली की काही जण दुसऱ्यांचे निबंध देऊन गुण मिळवतात. त्यांनी सलग सहा शब्द जुळणारे मजकूर शोधणारा संगणक कार्यक्रम लिहिला आणि आपल्या वर्गाचे जुने-नवे निबंध त्यातून घातले. पहिल्याच फेरीत १२२ विद्यार्थी संशयित ठरले. पुढे २०२२ साली तिथल्या विद्यार्थ्यांनीच मतदान करून सरसकट हकालपट्टीचा नियम बदलला.

नीतिवचनांची नुसती आठवण करून दिली की विद्यार्थी कमी फसवतात, असा निष्कर्ष २००८ च्या एका गाजलेल्या प्रयोगातून निघाला होता. त्यात विद्यार्थ्यांना आधी बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला सांगितल्या होत्या. २०१८ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. भिंतीवर सुविचार लावून फार काही साधेल, अशी आशा ठेवायला म्हणूनच आधार नाही.

डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी १९९३ साली ३१ अमेरिकन संस्थांतल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कोण किती फसवतो याच्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो ‘बरोबरचे काय करतात असे वाटते’ या गोष्टीचा. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, फक्त संबंध दिसतो. तरी आपल्या प्रयोगशाळेचा अनुभव याला धरूनच आहे. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला ९८० मिळाले आणि पूर्ण गुणही मिळाले, तर ९६४ लिहिणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटते.

त्यात आपली पद्धत भर घालते. प्रयोगवही प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. एका उपकरणावर चार-पाच जण असतात. स्टॉपवॉच एकाच्या हातात, बाकीचे आकडे उतरवून घेतात. कच्ची वाचने सुट्या कागदावर असतात आणि ‘फेअर’ वही सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदम लिहिली जाते. तारखा मात्र आठवड्याआठवड्याच्या पडतात.

शेवटच्या आठवड्यातली वही

ही शेवटची सवय निरुपद्रवी वाटते. पण विज्ञानाचे पदवीधर पुढे कुठे जातात, हे लक्षात घ्यावे. थोडे संशोधनात येतात. बाकीचे औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, दूध संकलन केंद्रात, रक्त तपासणाऱ्या ठिकाणी कामाला लागतात. तिथेही एक वही असते.

रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने मे २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. कबुलीतला एक भाग असा होता: औषध ठेवणीत किती काळ टिकते याच्या चाचण्या ठरावीक महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या होत्या. त्यांतल्या काही एकाच दिवशी किंवा थोड्याच दिवसांत उरकल्या गेल्या आणि कागदावर तारखा मात्र वेगळ्या दाखवल्या. सत्राअखेरीला वही भरणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. फरक इतकाच की या नोंदीच्या भरवशावर कोणीतरी गोळी गिळणार असतो.

शिक्षकाला काय करता येईल?

अभ्यासक्रम, गुणांची योजना, उपकरणांची संख्या या गोष्टी एकट्या शिक्षकाच्या हाती नसतात. तरी पुढच्या गोष्टी चालू व्यवस्थेतही करता येतात.

पहिली, कच्च्या तक्त्यावर सही. वाचने थेट शाईच्या पेनाने, बांधीव वहीत लिहायला लावावीत आणि तास संपण्याआधी टेबलापाशीच त्यांवर सही व तारीख टाकावी. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, आणि शेजारी कारण लिहावे. खाडाखोडीचे गुण कापू नयेत. आमच्याकडे संशोधनासाठी नव्याने येणाऱ्या मुलामुलींची पहिली सवय मोडावी लागते ती हीच. खोडलेला आकडा दिसला तर कमीपणा येतो, असे त्यांना पंधरा वर्षे शिकवलेले असते.

दुसरी, उत्तराचे गुण कमी आणि चुकीच्या अंदाजाचे जास्त. दहापैकी पाच गुण मूळ नोंदींना, तीन ‘अधिक-वजा किती आणि का’ याला, आणि दोन उत्तराला. ९६४ लिहून ‘अधिक-वजा १२, स्टॉपवॉचची चूक मोठी, एकूण सहा वाचने, एक गाळले कारण लंबक गोल फिरू लागला’ असे सांगणाऱ्याला नऊ गुण द्यावेत. ९८०.० लिहून काहीच न सांगणाऱ्याला दोन.

तिसरी, उत्तर माहीत नसलेले प्रयोग. प्रत्येक गटाला अज्ञात वस्तुमानाचा गोळा, अज्ञात तीव्रतेचे द्रावण किंवा क्रमांक टाकलेले भिंग द्यावे. खरी किंमत शिक्षकांच्या पाकिटात राहील. पुस्तकात उत्तर नसले की उलटा हिशेब करता येत नाही. रसायनशास्त्राच्या अनुमापनात हे सर्वांत सोपे आहे.

चौथी, वर्गाचा एकत्र आलेख. चाळीस विद्यार्थ्यांची उत्तरे फळ्यावर मांडून स्तंभालेख काढावा. प्रामाणिक वर्गाचा आलेख टेकडीसारखा दिसतो, जुळवलेल्या वर्गाचा ९८० वर उभ्या केलेल्या खांबासारखा. आणखी एक खेळ करता येतो. शतांश सेकंद दाखवणाऱ्या स्टॉपवॉचची २०० वाचने घेऊन शेवटचा अंक मोजावा. शून्य ते नऊ यांपैकी प्रत्येक अंक सुमारे वीस वेळा यायला हवा. थोडे कमीजास्त चालेल, साधारण १२ ते २८. मग मुलांना मनाने २०० आकडे लिहायला सांगून तेच मोजावे. काही अंक मनाला आवडतात, काही नकोसे होतात, हे त्यांच्याच लक्षात येईल. मात्र पाच-दहा वाचनांवरून एखाद्या विद्यार्थ्याला दोषी ठरवण्यासाठी ही कसोटी वापरू नये. इतक्या थोड्या आकड्यांत काहीही योगायोगाने घडू शकते.

पाचवी, तोंडी परीक्षेतला प्रश्न. व्याख्या विचारण्याऐवजी विचारावे, ‘यातले कोणते वाचन घेताना तुला शंका आली?’ ज्याने प्रयोग केला आहे त्याला उत्तर द्यायला एक क्षणही लागत नाही. लिहून देणारी संगणकीय साधने आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. ती प्रयोगाचा सिद्धान्त, कृती, निष्कर्ष, हवे तर पसाऱ्यासकट वाचनेही बनवून देतात. त्यामुळे घरी लिहून आणलेल्या वहीवरून काही ठरवणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार. टेबलापाशी सही झालेला तक्ता आणि हा तोंडी प्रश्न, या दोन गोष्टींवरच यापुढे अधिक भर द्यावा लागेल.

यात शिक्षकालाही थोडी किंमत मोजावी लागते. आपल्या वर्गाची उत्तरे ९५५ पासून १,००० पर्यंत पसरलेली दिसली, तर बाहेरून आलेले परीक्षक भुवया उंचावतील. शेजारच्या महाविद्यालयाच्या वह्या अधिक देखण्या दिसतील. अशा वेळी परीक्षकांना वर्गाचा स्तंभालेख आणि सही केलेले कच्चे तक्ते दाखवावेत. आपल्या स्टॉपवॉचने एवढाच पसारा यायला हवा, हे वर दिलेल्या चार ओळींच्या गणिताने सांगावे. आणि आपणच कधी परीक्षक म्हणून गेलो, तर ९६४ असलेल्या वहीचे कच्चे पान उघडून पाहिल्याशिवाय तिचा गुण कापू नये.